हलका कागद

दिनकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या आमच्या शाळेत स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. सुनंदा, माझी बायको, आदल्या दिवसापासून सरावलीला तिच्या थोरल्या बहिणीकडेच होती. "दाजी गेले हो," एवढंच ती म्हणाली, आणि मागून कुमुदताईंचा आवाज आला, "मास्तरांना म्हणावं जेवून निघा." घरात नवरा गेलेला आणि बाईला माझ्या जेवणाची काळजी... मी डबा बंद केला. त्याला आता महिना होऊन गेला. साडू गेला म्हणून सहसा कुणी लेख लिहीत नाही. भावावर लिहितात, वडिलांवर लिहितात, गुरूंवर तर लिहितातच. साडू हे नातं आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत चेष्टा करण्यापुरतं. पण मला दिनकररावांची आठवण रोज येते, आणि ती कुठेतरी ठेवायला हवी म्हणून हे लिहितोय.

ते मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी बोईसरला तारेच्या कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दारातच म्हणाले, "मास्तर, हात धुऊन घ्या." मी नवा जावई, मला वाटलं पानं वाढली आहेत. साबण लावून हात धुतले आणि टेबलाशी जाऊन बसलो. दिनकररावांनी कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि माझ्यासमोर ताटाऐवजी एक कॉमिक आलं. "आता उघडा," म्हणाले. स्वयंपाकघरात दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. जेवण त्या दिवशी बऱ्याच उशिरा मिळालं.

त्या कॉमिकचा नायक वज्रपंख नावाचा पंखवाला मुलगा. पहिल्या भागात तो घर सोडून उडतो आणि पुढे राक्षस, समुद्र, हिमपर्वत करत भटकतो. लहानपणी दिनकररावांचे मामा मिरजेच्या एसटी स्टँडवरून एकेक भाग आणून देत. चार भाग आले. पाचवा, शेवटचा, कधी आलाच नाही. ते वाट बघत राहिले आणि वाट बघता बघता मोठे झाले. "तो घरी पोचला का, एवढंच मला बघायचंय," ते म्हणायचे. "पोचला असणार हो," मी चिडवायचो, "नायक आहे तो." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तुम्ही मास्तर. तुम्हाला उत्तरं माहीत असतात. मला बघायचंय."

काही वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकाशकाने वज्रपंखचे भाग पुन्हा काढायला घेतले. संग्राहक आवृत्ती, असं वेष्टनावर छापलेलं. पहिला भाग आला तेव्हा दिनकररावांनी मला मुद्दाम सरावलीला बोलावून घेतलं. हात धुऊन झाल्यावर माझ्या कानाशी पान उलटलं. "ऐकलं?" मी ऐकलं. खरं सांगायचं तर काही विशेष वाटलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मान डोलावली. जाड, सायीच्या रंगाचा कागद, दोऱ्याची शिलाई. ते डाव्या अंगठ्याने पान चाचपायचे. त्या अंगठ्यावर तारेने कापल्याचा आडवा व्रण होता, आणि त्या व्रणालाच कागद कळतो अशी त्यांची समजूत होती. मी त्याला पारखी अंगठा म्हणायचो, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

तीन भाग असेच देखणे आले. चौथा आला आणि घरात सुतक पडावं तसं झालं. कागद पातळ, शिलाईच्या जागी दोन पिना, शाई बोटाला लागणारी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पानाच्या मागचं चित्र पुढून दिसायचं. "बघा," त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं, "राक्षस येणार हे आधीच दिसतंय. मग माणसानं दचकायचं कधी?" त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. ती भांडली नाही, उलट रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, कागद परवडत नाही. घेणारे तुमच्यासारखे मोजकेच. चांगल्या कागदाचा हट्ट धरला तर पाचवा भाग निघणारच नाही." दिनकरराव म्हणाले, "मग काढू नका," आणि फोन ठेवला. जिच्यासाठी जन्मभर थांबायचं त्याच गोष्टीला असं नको म्हणून टाकणं सोपं नसतं.

राग दुसऱ्या दिवशीही गेला नव्हता. तारापूरची हिराबाई मासळी घेऊन दारात आली, तेव्हा यांनी तो चौथा भाग तिच्यासमोर टाकला. "घे. यात बोंबील बांधून दे. तेवढ्याच लायकीचा आहे." हिराबाईने पान दोन बोटांत धरलं, चुरगळलं आणि पुस्तक परत केलं. "नाय दादा, ह्यात आमी म्हावरा नाय बांधनार. पानी लागला का फाटतंय. आमचा पेपर चांगला हाय." कुमुदताई सांगतात, त्या दिवशी दिनकरराव आधी खिन्न झाले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चौथा भाग बोंबलांतून वाचला, पण कपाटात काही गेला नाही. तो फ्रिजवर, विजेच्या बिलांखाली राहिला. पाचवा मागवायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. "हलका कागद माझ्या कपाटात येणार नाही."

मग ते दुखणं आलं. हातापायातली ताकद हळूहळू काढून घेणारं. आधी शर्टाची बटणं कुमुदताई लावू लागल्या, मग चहाचा कप अर्धाच भरला जाऊ लागला. एका रविवारी मी गेलो तर ते पलंगावर पडून पहिला भाग वाचायचा प्रयत्न करत होते. तो जाड, देखणा भाग त्यांच्या हातातून सुटून छातीवर पडला. मी उचलून दिला, पुन्हा पडला. "मी धरतो, तुम्ही वाचा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याने धरलेलं कॉमिक वाचण्यात त्यांना राम वाटत नव्हता, आणि ते मला पटलं. जरा वेळाने छताकडे बघत म्हणाले, "पाचवा निघाला म्हणे." मी म्हटलं, "असेल." "नाही, मी आपलं सहज म्हणालो." मी म्हटलं, "दिनकरराव, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" ते लाजले. साठीला आलेला माणूस इतका गोड लाजताना मी दुसरा पाहिला नाही.

पाचवा भाग मी मागवला. आला तो चौथ्याहूनही पातळ. सरावलीला जाताना वाटभर मी काय बोलायचं ते ठरवत होतो. खोलीत शिरलो, हात धुतले, आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवताना आधीच माफी मागितल्यासारखं म्हणालो, "कागद हलका आहे हो..." त्यांनी ते धरलं. पडलं नाही. त्यांनी ते डोळ्यांसमोर नेलं, तिथे धरून ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. "हलका आहे," ते म्हणाले. शब्द तोच. जन्मभर त्यांनी तो शिवीसारखा वापरला होता.

रोज दोन पानं, त्याहून जास्त नाही. डोळे चांगले होते, पण गोष्ट संपवायची घाई नव्हती. आमच्या शेवटच्या भेटीत शेवटचंच पान उलटायचं राहिलं होतं. त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. वज्रपंख ढगांतून खाली येत होता, आणि त्याच्या पायांखाली, कागदातून, मागच्या पानावरचं कौलारू घर पुसट दिसत होतं. "दिसलं घर," दिनकरराव म्हणाले, "आधीच दिसलं." मला वाटलं आता प्रकाशकाचा उद्धार होणार. पण ते नुसते हसले. "उलटू का?" मी विचारलं. "राहू द्या. माझं मी उलटेन." मी निघालो. त्याच आठवड्यात शाळेत तो फोन आला.

गेल्या रविवारी सरावलीला गेलो. दारात कुमुदताई म्हणाल्या, "मास्तर, हात धुऊन घ्या." मी मुकाट्याने हात धुतले आणि सवयीने सरळ कपाटापाशी जाऊन उभा राहिलो. "अहो, जेवायला बसा म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं. "आता गेलाच आहात तर उघडा. आत ठेवलाय मी तो, चौथाही ठेवलाय. मला काही बघवत नाही. एवढी वर्षं वाट बघितली आणि शेवटचं पान तेवढं राहिलं हो त्यांचं."

मी पाचवा भाग काढला. त्याच्याआधीचे तीन देखणे भाग मला चांगले ठाऊक आहेत. ते इतके जपलेले की त्यांत माणसाचा हात लागल्याची एक खूण नाही. हा मात्र पानोपानी मळलेला होता. प्रत्येक डाव्या पानाच्या कोपऱ्यात बोटाला लागलेल्या शाईचा अंगठा उठला होता, आणि मधून जाणारी व्रणाची आडवी पांढरी रेघ. मी पानं उलटत शेवटपर्यंत गेलो. ढगांतून उतरणारा वज्रपंख आला. क्षणभर थांबलो, आणि ते शेवटचं पान उलटलं.

कौलारू घराच्या अंगणात तो उभा होता, दारात त्याची आई. आणि खाली, कोऱ्या समासात, थोडा वाकडा, थोडा घसरलेला, आडव्या रेघेचा अंगठा.

मी पुस्तक कुमुदताईंच्या हातात दिलं. त्यांनी पदराला हात पुसले, त्या डागावर आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पोचले," त्या म्हणाल्या.