देवाच्या दारातला उतार

चंदाकाकू गुडघ्यावर बसून मुरूम ठोकाची धुमस आपटून राह्यली होती. देवाच्या खोलीच्या दारात, धप धप. मुरूम उडून तोंडात जात होता अन् ती थुकून पुन्हा आपटत होती.

"पवन्या, पानी शिंपड. शिंपड म्हनलं बे, बादली उलटी करू नको!"

गाडीनं मंगरूळ सोडलं असा आत्ताच फोन आल्ता. अकोल्याच्या दवाखान्यातून जानराव आबाजीले घरी आनून राह्यले होते. लकव्यानं त्यायचा डावा पाय उचलतच नोता, घासत चालत. डॉक्टरनं सांगतलं होतं, आता पडले तं खुबा गेला, मंग मरेलोक बाजीवरच.

अन् आसेगावच्या त्यायच्या या घरात काकूनं अन् मी पडाची सोयच करून ठेवली होती. बैठकीत जुन्या फरशीवरच मसाला टाकून नवीन टाइल्स बसवली, त्यानं जमीन वर आली. आतली देवाची खोली मातीची, शेनानं सारवलेली. ती तीन बोटं खाली राह्यली. आबाजीची बायको सोजरमाय, तिनं पयलेच सांगून टाकलं होतं, "देव मातीवर बसले हायेत. तथी शिमिट लावाचं नाई." मंग उतार कायचा कराचा? मुरमाचा. चंदाकाकूनंच काढला तो इलाज.

काकू मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. नवऱ्यासंगं पुन्याले कामाले गेल्ती, डोक्यावर रेती वाहाले. तथी फरशीवाल्याच्या मांगं उभी राहून राहून शिकली. आता स्वतः कामं घेते. लोकं तोंडावर मिस्त्रीन म्हनतात. मांगून काय म्हनतात ते मले मालूम हाय, अन् माह्यापुढं ज्यानं म्हनलं त्याचं मी काय केलं तेही गावाले मालूम हाय. मी नववीत शाळा सोडली तं घरच्यायनं मले मोकाट म्हनलं. हिनं थापी देल्ली. शिव्या देते, पन हात धरून शिकवते.

उतार झाला. काकूनं डोये मिटून त्याच्यावरून टाच फिरवली. टाइल्सवरून मातीवर, मातीवरून टाइल्सवर. कुठंच अडकली नाई.

"येऊ दे आता बुढ्याले," म्हने, अन् हात धुवाले मोरीवर गेली. मी पावडं-घमेलं बाहेर नेलं.

वापस आलो तं उतार चमकून राह्यला. शेनाचा ताजा पोचारा! सोजरमाय हात पुसत उभी.

काकू वरडलीच, "माय, हे काय केलं वं?"

"उघडी माती ठेवू का देवाच्या दारात? घरधनी येऊन राह्यला."

"अवो, पाय सरकंन त्यायचा!"

"देवाच्या दारात कोनी सरकत नाई."

बाहेर हॉर्न वाजला.

मी पोतं आनलं. काकू खेकसली, "ओल्यावर पोतं म्हनजे घसरगुंडी हाय बे. पोत्यासंगं जाईन बुढा." खरडाले थापी घेतली तं सोजरमाय आडवी झाली. देवापुढच्या सारवनाले लोखंड लावू देईन तं कशी!

आबाजी आत आले. एक हात पोराच्या, हरीओमच्या खांद्यावर, एका हातात चार पायाची काठी. दवाखान्यातून आलेला मानूस त्या घरात आंधी देवाच्या पाया पडते, मंग टेकते. ते सिधे देवाच्या खोलीकडंच निघाले. टाइल्सवर पाय घासत. खर्र. खर्र.

काकू हात आडवे करून दारात उभी राह्यली.

"चंदाबाई, बाजूले व्हा," हरीओम म्हने.

"नाई होत. घडीभर बसा, सुकू द्या."

"घर आमचं हाय."

"घर तुमचं. उतार माहा हाय."

हरीओम लाल झाला. त्यानं तिच्या आंगाले हात लावला असता तं मी त्याले तथीच झोपवला असता, समोर देव असो का कोनी असो. माह्या मुठी आवळल्याच होत्या.

आबाजीचं तोंड वाकडं झाल्तं. बोबडं बोलले, पन समजलं. "चंदे, तू काय माही बहीन हाय का, लग्नातल्यावानी दार अडवून राह्यली? मांग, काय मांगतं."

"पाय मांगते. डावा."

काकू खाली बसली. दोनी हाताची बोटं शेनातून मुरमात रोवली. "ठेवा माह्या हातावर. पवन्या, मांगून कंबर धर. सोडली तं तुले इथंच पुरीन."

मी धरली. माहं तोंड त्यायच्या पाठीत, काईच दिसत नोतं. बुढ्याचा जीव धडधडून राह्यलेला तेवढा लागत होता. काठी टेकली. पाय हातावर आला, थांबला, खाली सरकला. मंग मातीवर गेला. आबाजी वाकले, लय येळ वाकूनच राह्यले. काकू उठली नाई. "वापसबी याचं हाय त्यायले," येवढंच म्हने.

वापस आले. बाजीवर टेकले. सोजरमायनं काकूले चहा देल्ला. काकूनं तिले दोन शिव्या हासडल्या, चहा पेली अन् निंगाली.

लय दिवसानं तिच्या पोरीनं, रीतानं, मले सांगतलं. आबाजी वाकले तवा काठीचा एक पाय काकूच्या करंगयीवर होता. हाड मोडलं. हात काढला असता तं काठी सरकली असती, म्हनून त्यायचं पाया पडनं होयेलोक तिनं काढला नाई.