सोनकेवडा छापाचा लिलाव

"साडेनऊ हजार," गयाबाई म्हणाल्या.

"दहा," मागच्या रांगेतला सफारीवाला लगेच म्हणाला.

दहा हजारांची बोली आली की पुकारणाऱ्याला बरं वाटायला हवं. माझं कमिशन टक्क्यांवर होतं. पण मला खटकलं.

सत्तरच्या दशकात शहरातल्या सदर भागात माझं लिलावघर होतं. बदली झालेल्या साहेबांचं फर्निचर, जुन्या मोटारी, बंद पडलेल्या दुकानांचा माल मी विकायचो. त्या दिवशी मात्र टेबलावर वस्तूच नव्हती. विकायचं होतं एक नाव. 'सोनकेवडा छाप'. दोन भावांचा लुगड्यांचा धंदा मोडला होता. दुकान, माल सगळं वाटून झालं, नाव काही वाटता येईना. ट्रेडमार्क रजिस्टर होता. म्हणजे ज्याच्याकडे तो, त्यानंच ते लेबल लावायचं. म्हणून ते विकून पैसे निम्मे निम्मे करायचं ठरलं. थोरले दिनकरराव आणि धाकटे मनोहरराव, दोघेही पहिल्या रांगेत होते.

गयाबाई विणकर घरातल्या. ही लुगडी त्यांच्या आणि शेजारच्या घरांतल्या मागांवरच विणली जात. आता त्या घरांनी मिळून सोसायटी काढली होती. लिलावाआधी त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, बाजारात बाया लुगडं नाही मागत, सोनकेवडा मागते. नाव गेलं तर आमाले कोन विचारते?"

सुरुवातीला इतवारी बाजारातले एक व्यापारीही बोली लावत होते. ते बोलले की सफारीवाला गप्प बसे. गयाबाई बोलल्या की हा लगेच वर चढे. गयाबाईंनी साडेसहा हजार म्हटल्यावर व्यापारी उठून गेले. पुढे हे दोघंच राहिले.

खरं गिऱ्हाईक समोरच्या प्रत्येकाकडे बघून बोलतं. हा फक्त त्या बाईच्या मागे लागला होता, कारण तिला उठून जाणं परवडणार नव्हतं. अशा माणसाला आमच्या धंद्यात डमी म्हणत. त्याला माल घ्यायचाच नसतो. भाव चढवायला विकणाऱ्यानंच त्याला बसवलेलं असतं.

पण विचारून कोण कबूल करणार? डमीला भीती एकच, माल आपल्याच गळ्यात पडण्याची.

"दहा हजार, एक वार."

एरवी मी इथे थांबतो, दुसऱ्या पार्टीला चुचकारतो. गयाबाईंनी तोंड उघडलं, तसं मी त्यांना हातानं थांबवलं.

"दोन वार." हातोडा उचलला.

सफारीवाला उभाच राहिला. माझ्याकडे नाही, दिनकररावांकडे बघत म्हणाला, "भाऊसाहेब, आता काय करू?"

मी हातोडा खाली ठेवला.

मनोहररावांनी विचारलं, "दादा, हा कोन हाये?"

"दहा आले तर तुले बी पाच भेटतात," दिनकरराव खालच्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमचं बी कमिशन वाढून राहिलं होतं ना? मग तुमच्या पोटात काहून दुखते?"

"विकणाऱ्याला बोली लावायची असेल तर आधी जाहीर करावं लागतं. कायदाच आहे," मी म्हणालो. "आणि कायदा नसता, तरी माझ्या टेबलावर हे चाललं नसतं."

सफारीवाल्याच्या सगळ्या बोली मी रद्द केल्या. शेवटची खरी बोली उरली ती व्यापाऱ्यांवर चढून गयाबाईंनी लावलेली, साडेसहा हजारांची. ठरलेल्या कमीत कमी भावापेक्षा ती वरच होती.

"लिलाव बंद करा," दिनकरराव म्हणाले.

"बंद नाही करायचा. नाव माझं बी हाये," मनोहरराव म्हणाले. "पुकारा तुम्ही."

मी तीन वार पुकारलं आणि हातोडा मारला. गयाबाई टेबलाशी आल्या. "भाऊ, म्या त साडेनऊ म्हटलं होतं. मांगून कोनी काही म्हनन."

"ते तुम्ही म्हटलं नव्हतं, तुमच्याकडून म्हणवून घेतलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि बाहेर थांबलेल्या सोसायटीतल्या बायांना सांगायला गेल्या. मी तसाच उभा होतो. त्या हॉलमध्ये मी कितीतरी महागड्या गोष्टी विकल्या, पण हातोडा मारताना इतकी ताठ मान कधी झाली नव्हती.

दिनकररावांनी बाजारभर सांगितलं की हा माणूस स्वतःच्याच पार्टीचा भाव पाडतो. मी पुढच्या लिलावापासून नियम केला : बोली लावणाऱ्यानं उभं राहून नाव सांगायचं, आणि कोणासाठी घेतोय तेही. काही महिने विकायला मालच येईना. बायको विचारायची, "आजही बंदच का?" मग हळूहळू अमरावतीचे, वर्ध्याचे लोक बोलीला यायला लागले, कारण इथे समोर कोण आहे ते कळायचं. घेणारे आले, तसे विकणारेही आले. पुढे एकदा दिनकररावसुद्धा जुनी मोटार विकायला घेऊन आले. मी त्यांना नियम वाचून दाखवला, त्यांनी मुकाट्यानं सही केली.

विकणारे कमिशनवरून कितीही भांडोत, शेवटी जातात तिथेच, जिथे घेणारे निर्धास्त बसलेले असतात.