चुलीचा कोपरा

इशबेल टलॉकने रॉरी किनलॉकवर डूख धरला तो ड्रमलेरी पार्कमधल्या बँडस्टँडच्या मागे, एका शुक्रवारी, चहानंतर. त्याआधी तिचं कोणाशी वाकडं नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण बाई मुळातच तिखट. पण तिचे राग दुधासारखे उतू जाऊन खाली बसायचे. हा बसला नाही.

ती हंगामी खोदकामगार होती. उन्हाळा आला की कुठे ना कुठे जमीन उघडली जायची, आणि इशबेल आपली झिजलेली थापी खिशात घालून तिथे हजर व्हायची. थापी म्हणजे गवंड्याची असते तीच, फक्त घासून घासून निम्मी उरलेली. लग्न झालं, मोडलं, मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, गुडघे बोलायला लागले, तरी थापी तीच होती. ड्रमलेरी पार्क तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका बाजूला म्हाताऱ्यांचं बोलिंगचं, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचं, मैदान, दुसऱ्या बाजूला बदकांचं तळं, आणि मधल्या गवताखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं एक गोल घर. दर उन्हाळ्यात गवताचे थर कापून बाजूला रचायचे, चर खणायचा, आणि हंगाम संपला की सगळं पुन्हा बुजवून टाकायचं. पुढच्या वर्षी परत तेच.

खोदकामावर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, साहेबबिहेब काही नसतं. पण एक रीत मात्र कडक असते. शुक्रवारी चहा झाला की हत्यारं खाली ठेवून सगळ्यांनी मिळून चराभोवती फेरी मारायची. ज्याचा कोपरा त्याने त्यात उभं राहून सांगायचं, आठवडाभर काय केलं, काय दिसलं, काय चुकलं. कालचं पोर असो की डॉक्टरेटवाला, दुसऱ्याच्या कोपऱ्याबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही.

गेल्या हंगामात इशबेलच्या कोपऱ्यात त्या घराची चूल होती. हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. समुद्रावरून काळे ढग चढत होते. रॉरी, म्हणजे खोदकामाचा प्रमुख, वरून ओरडला की ही नुसती भरावाची माती आहे, थापी ठेव आणि कुदळ घे, पावसाच्या आत तळ दिसला पाहिजे. तिने विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की. तिने कुदळ घातली आणि भाजलेल्या मातीची ती गोल चूल मधोमध फुटली. आठवड्याच्या आत विद्यापीठाचे लोक येणार होते, ते असंच काहीतरी बघायला.

चूक कोणाचीही होते. त्या चुकीबद्दल इशबेलने त्याला केव्हाच माफ केलं असतं. पण शुक्रवारी फेरी तिच्या कोपऱ्याशी आली, ती बोलायला तोंड उघडणार, तोच रॉरी पुढे झाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "इथे आपली इशबेल जरा जास्तच खाली गेली. होतं असं कधी कधी. चला पुढे."

आणि सगळे पुढे गेले. ती तिथेच उभी राहिली, तोंड अर्धवट उघडं. इतक्या वर्षांत फेरीत कोणी कोणाचं बोलणं असं ओरबाडून घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं. भानावर येईपर्यंत लोक दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात माना डोलावत होते.

हंगामी माणसाचं पोट त्याच्या नावावर चालतं. खोदकामाची दुनिया इवलीशी, इथे शिंकलं की उत्तरेकडच्या बेटावर ऐकू जातं. हिवाळ्यात तिने जिथे जिथे फोन केला तिथे गोड आवाजात एकच उत्तर मिळालं, माणसं भरली गं या वेळी. चूल फोडणारी बाई कोणाला हवी असणार? शेवटी ती बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात उभी राहिली, सकाळपासून हॅडॉक मासे सोलत. हातांचा वास साबणाने जाईना. रात्री चहाचा कप तोंडाशी नेला की माशाचा वास यायचा आणि त्या वासाबरोबर खांद्यावरचा तो हात आठवायचा. मासे सोलता सोलता तिने त्याला किती तऱ्हांनी तोंडघशी पाडलं याला गणती नाही. सगळं मनातल्या मनात.

वसंतात रॉरीचाच फोन आला. आवाजात लोणी. "झालं गेलं विसरून जाऊ या इशबेल. मी काही मनात ठेवलेलं नाही. या वर्षी ये तू."

त्याने तिला माफ केलं होतं! स्वतःच्या चुकीबद्दल! इशबेलने फोन कानावर घट्ट धरला. मग म्हणाली, येते.

कोपरा तिला मिळाला नाही. चूल अर्धी उरली होती, ती या वर्षी नीट उघडायची होती, आणि ते काम रॉरीने ग्लासगोच्या एका विद्यार्थिनीला दिलं. इशबेलला त्याने कुंपणावर ठेवलं. सार्वजनिक बागेतलं खोदकाम म्हणजे जाळीपलीकडे दिवसभर माणसं लोंबकळणार, त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं असतं. "तुला लोकांची सवय आहे," तो म्हणाला. "गोड बोल, काय सापडलं, काय गेलं ते सांग, बस." कुंपण म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. गुडघे गेलेल्याला किंवा भरवसा उडालेल्याला तिथे ठेवतात.

पहिले काही दिवस ती नुसती उभी राहिली. लोक कुत्री घेऊन यायचे आणि सगळे तोच एक विनोद करायचे, सोनं सापडलं का? ती कसनुसं हसायची. मग एका सकाळी निवृत्त पोस्टमन गेडिस, ज्याचा टेरियर जाळीच्या प्रत्येक खांबावर पाय वर करायचा, त्याने चराकडे बोट दाखवलं. त्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध ते भगदाड कसलं?

इशबेलने चराकडे पाहिलं. रॉरी तिकडे पाठमोरा होता. तिने शांतपणे सांगितलं, "ती चूल आहे. गेल्या वर्षी रॉरी मला म्हणाला कुदळ घाल, मी घातली. फुटली. मग शुक्रवारी सगळ्यांसमोर तो म्हणाला की मीच जास्त खाली गेले."

"असं म्हणाला?" गेडिस म्हणाला. "तुझ्या तोंडावर?"

"खांद्यावर हात ठेवून."

गेडिसने टेरियरकडे पाहिलं, जणू तोही ऐकतोय याची खात्री करत. हिवाळाभर छातीवर असलेला धोंडा इशबेलला तेव्हा पहिल्यांदा हललेला जाणवला. फार गोड वाटलं. इतकं गोड की दुपारी तिने परत सांगितलं, बोलिंगच्या बायकांना.

मग तिला थांबवणारं कोण होतं? बाकावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, आइस्क्रीमच्या गाडीवाल्याला सांगितलं, बाळाच्या गाड्या ढकलणाऱ्या आयांना सांगितलं. पण बाई हुशार. तिने एक शब्द कधी वाढवला नाही. रॉरीला नावं ठेवली नाहीत, उलट म्हणायची, विद्वान आहे हो तो, पुष्कळ शिकलेला. फेरीची रीत समजावून सांगायची, ज्याचा कोपरा त्यानेच बोलायचं, आणि मग एवढंच म्हणायची की माझ्या कोपऱ्यात तो बोलला. बाकीचं लोक आपापल्या घरी नेऊन शिजवायचे. गावात प्रत्येकाच्या खांद्यावर कधी ना कधी कोणत्या तरी साहेबाने असाच हात ठेवलेला होता.

बोलिंगच्या मैदानावरची मिसेस पेट्री तर पेटलीच. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात घालवलेली बाई, चूल फोडून दुसऱ्यावर ढकलणं हे तिच्या हिशेबात खुनाच्या एक पायरी खाली होतं. ती रोज पिशवीत इशबेलसाठी शॉर्टब्रेडची बिस्किटं आणायची आणि जाळीतून रॉरीकडे अशी बघायची की तो गोठलाच पाहिजे.

हळूहळू रॉरीलाही कळायला लागलं. त्याने सुप्रभात म्हटलं की बाकावरचे म्हातारे बदकांकडे बघायचे. आइस्क्रीमवाल्याचं व्हॅनिला नेमकं त्याच्यापाशी संपायचं. पोरांनी खेळ काढला, एक कुदळ घालणारा आणि दुसरा "मी नाही, तिने!" म्हणणारा. आषाढातल्या डासासारखी ती पोरं कुंपणाभोवती घोंघावायची, आणि इशबेल त्यांना अजिबात हाकलायची नाही. जुलैच्या अखेरीस रॉरी मुख्य फाटक सोडून तळ्याकडच्या फाटकातून यायला लागला.

एकदा तो जाळीपाशी आला. "तू लोकांना काय सांगतेस, इशबेल?"

"तू सांगायला सांगितलंस तेच," ती म्हणाली. "काय सापडलं, काय गेलं."

"हे बरं नाही."

"खोटं असेल ते सांग. मी लगेच दुरुस्त करते."

तो गेला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला गाडीत एकट्याने पावाचा रोल खाताना पाहिलं, काचा वर करून, मान खाली घालून. क्षणभर तिला कुंपण सोडून त्याच्याकडे जावंसं वाटलं. मग तिला आपलं हिवाळ्यातलं स्वयंपाकघर आठवलं, तो चहाचा कप, तो वास. खा म्हणावं एकट्याने. मीही खाल्लं. तिने तोंड फिरवलं आणि नव्याने आलेल्या जोडप्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं.

हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी फेरी लोकांसाठी खुली ठेवायची ही रॉरीची जुनी हौस. नगरपालिकेची माणसं यायची, पुढच्या वर्षीची परवानगी त्यांच्या हातात. या वेळी त्याने ती रद्द करायचा प्रयत्न केला म्हणे, पण पत्रकं गावभर लागली होती. जाळी उघडली आणि ड्रमलेरी पार्कने कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी आत आली. बोलिंगच्या बायका एका रांगेत, पांढऱ्या टोप्या घालून. गेडिस, टेरियर काखेत. इशबेल कुंपणापाशीच थांबली.

फेरी सुरू झाली. एकेक जण आपापल्या कोपऱ्यात उभं राहून सांगत गेला, खांबांचे खड्डे, दळायचा दगड, एक मोडका मणी. लोक ऐकत होते, पण त्यांचं लक्ष पुढेच होतं. अखेर गर्दी चुलीपाशी आली. ग्लासगोची मुलगी पुढे झाली, तोच रॉरीने घाईने तिला थांबवलं. "इथे गेल्या वर्षी थोडंसं नुकसान..."

"थांब जरा," मिसेस पेट्री म्हणाली. तिचा आवाज शाळेच्या जेवणघरातला, शेवटच्या टेबलापर्यंत जाणारा. "ते भगदाड ज्या कोपऱ्यात पडलं, तो कोपरा कोणाचा होता?"

सगळ्या टोप्या एकदम वळल्या. इशबेलकडे. नगरपालिकेचे लोकही वळले, का ते न कळताही.

याच क्षणासाठी ती हिवाळाभर मासे सोलत होती. सगळी वाक्यं तयार होती, धार लावून ठेवलेली. ती कुंपण सोडून आली, गर्दीने वाट दिली, आणि ती चराच्या काठावर त्याच्या समोर उभी राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं, हे तिला तिथेच उमगलं. तो मान खाली घालून ऐकून घेणार, नंतर म्हणणार, बिचारीचा राग आहे, मी समजू शकतो. आणि पुन्हा तोच मोठा.

"तो कोपरा रॉरीचा," इशबेल म्हणाली. "ज्याचा कोपरा त्याने सांगायचं. आम्ही ऐकतो."

आणि तिने हात बांधले.

रॉरीने ग्लासगोच्या मुलीकडे पाहिलं, नगरपालिकेकडे पाहिलं, कुठे फट सापडते का ते शोधलं. सापडली नाही. तो चरात उतरला, त्या फुटलेल्या चुलीशेजारी उभा राहिला, जिथे गेल्या वर्षी ती उभी होती.

"कुदळ घ्यायला मी सांगितलं," तो म्हणाला. "तिने विचारलं होतं. मी नक्की म्हणालो. आणि नंतर... नंतर मी तिचं नाव घेतलं."

"मोठ्याने," मिसेस पेट्री म्हणाली. "मागे ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. खोदणाऱ्यांपैकी कोणीतरी खाली बघितलं, कोणीतरी इशबेलकडे. उत्तरेकडच्या बेटावर हे संध्याकाळपर्यंत पोचणार हे सगळ्यांना माहीत होतं.

लोक पांगल्यावर तो तिच्याकडे आला. डोळे लाल. म्हणाला, पुढच्या वर्षी चूल तुझी, पूर्ण कोपरा तुझा, तूच उघड. इशबेलने खिशातली थापी काढली, अंगठ्याने तिची धार पुसली आणि परत खिशात ठेवली. इतक्या दिवसांची भूक भागली होती, पण जेवण अजून ताटात होतं.

"कोपरा त्या मुलीलाच राहू दे, चांगलं खणते ती," ती म्हणाली. "मी कुंपणावरच बरी. पुढच्या वर्षी नवीन लोक येतील, रॉरी. त्यांनाही कोणीतरी सांगायला हवं."