अग्राफेनाची काठी

आम्ही सैबेरियातली एवेंकी माणसं तळ हलवताना वाट फुटते तिथे एक काठी रोवतो, जायच्या दिशेला तिरकी झुकवून. मागून येणारा ती पाहून बरोबर येतो.

मी गावातल्या शाळेत शिकवते; अग्राफेना ही माझ्या विद्यार्थ्याची, केशाची आई. नवरा लवकर गेला, तेव्हा रेनडिअरांच्या कळपामागे फिरत तिनं एकटीनं पोराला वाढवलं. मग तैगाच्या जंगलातून मोठा रस्ता आला आणि केशा ट्रकवर ड्रायव्हर झाला. निघताना मायलेकांचं वाजलं.

"जा तुझ्या त्या लोखंडी रेनडिअरकडे," ती म्हणाली. "त्याला चारायला न्यावं लागत नाही, म्हणून लाडका."

पहिला बर्फ पडला की येईन, असं मात्र तो सांगून गेला.

त्या वर्षी रस्त्याच्या धुळीनं आसपासचं शेवाळ खराब झालं. रेनडिअर त्याला तोंड लावीनात. अग्राफेनाला कळप घेऊन वर डोंगराकडे सरकावं लागलं. पीठ न्यायला गावात आली तेव्हा खोकत होती. ड्रायव्हरांबरोबर केशाला निरोप धाडू या, असं मी सुचवलं. तिला ते मुळीच रुचलं नाही.

"बाई, निरोप परक्याला धाडतात. माझ्या पोराला काठी पुरे. उलगा नदीच्या उतारापाशी रोवलीय. तिथूनच तर सगळे पायी नदी ओलांडतात."

पहिला बर्फ पडला, दुसराही पडला. पुढच्या खेपेला तिनं केशाचं नाव काढलं नाही. मीच विचारलं. काठी पाहूनही जो येत नाही त्याला काय ओढून आणायचं, एवढंच ती बोलली. रोज संध्याकाळी त्याच्या नावानं एक पेला चहा ओतून ठेवायची, तेही तिनं थांबवलं, असं तिची बहीण सांगत होती. ऐन थंडीत अग्राफेना गेली.

केशाला कळलं ते तिला पुरल्यावर. तो माझ्याकडे येऊन बसला. दोनदा आलो होतो, म्हणाला. रस्त्याच्या नव्या पुलावरून उलगा ओलांडून, तिथेच ट्रक उभा करून जुन्या तळावर गेला, तर तिथे नुसते तंबूचे वासे उभे आणि राख. जवळपास कुठे खूण नाही. आईला आपलं तोंड पाहायचं नाही, असं समजून तो परतला होता.

"एवढी रागावली होती का, बाई?"

सांगावं की नाही, मला कळेना. पण हे मनात धरून त्यानं जन्म काढावा, हेही बघवेना. काठी कुठे होती ते मी सांगितलं.



"तो उतार मी विसरलोच होतो, बाई," तो म्हणाला. "गाडी पुलावरून जाते."