पुढून सातची, मागून बाराची

‘पुढून फसशील. मागचं बघ.’

असं म्हणत काकी गॅलरीच्या कठड्यावरून इतक्या वाकायच्या, की मला त्यांचा पदर धरून ठेवावासा वाटे. खालून एखादी जुनी पिकअप गेलेली असे. ती वळणाआड व्हायच्या आत काकींचा निकाल यायचा, ‘नऊ सालची.’

तुमच्याही ओळखीत असेल असं कोणी, एकाच गोष्टीत ज्याचा हात धरता येत नाही. काकींचं ते पिकअपच्या बाबतीत होतं. उमेळ्यात आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा त्या शेजारच्या दारात राहत होत्या. आमची इमारत उभी आहे, ती त्यांच्याच सासरच्या वाडीवर. वाडी होती तेव्हा मोगरा आणि केळी घेऊन त्या पहाटे ड्रायव्हरशेजारी बसून दादरच्या बाजारात जात. तिथे पांढऱ्या पिकअपांची ही लांब रांग. ‘सगळ्या सारख्याच गं. आपली कुठली ते कळायला नीट बघायला शिकावंच लागतं.’

पुढच्या जाळीच्या पट्ट्या उभ्या की आडव्या, दाराची कडी चकचकीत की काळ्या प्लॅस्टिकची, मागच्या फाळक्यावर नाव पत्र्यात उठवलेलं की नुसतं चिकटवलेलं, यावरून त्या गाडीचं वर्ष सांगत. मागचं बघायचा हट्ट एवढ्यासाठी, की गाडी ठोकली जाते ती बहुतेक पुढून, आणि बदललं जातं तेही पुढचंच. फाळक्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

माणसांचं वय मात्र त्यांना कधी ओळखता आलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सासूबाईंना माझी थोरली बहीण ठरवलं. सासूबाई कितीतरी दिवस खुशीत होत्या.

गास गावचा एक भाजीवाला जुनी गाडी घ्यायची म्हटली की आधी काकींना फोटो दाखवायला यायचा. विकणारा म्हणे अकराची. काकी चष्मा वर ढकलून म्हणत, ‘आठची.’ कागद हाती आले की आठच निघे. काकींना ते आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

एका संध्याकाळी आमच्या वॉचमनला गेटबाहेर पिकअपने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. पाहणाऱ्यांना एवढंच आठवत होतं, की ती पांढरी होती. रस्त्यावर केशरी काचेचा तुकडा सापडला. सेक्रेटरी तो घेऊन काकींच्या दारात आले. मागे जिन्यात निम्मी सोसायटी.

काकींनी तुकडा दिव्याखाली धरला. ‘बंपरमधला इंडिकेटर आहे. सात साली तो बंपरमध्ये आला, आठपासून हेडलाइटच्या आत गेला. गाडी सातची.’

‘मग बाळारामचीच,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘एवढी जुनी दुसरी इथे येतेच कुठली?’

बाळाराम जूचंद्रचा. आसपासच्या बांधकामांना विटा पोचवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तेव्हा गेटवर माणसं वाटच बघत होती. त्याच्या गाडीचा डावा इंडिकेटर खरोखरच फुटलेला होता. कधी फुटला, हे कोणी विचारलं नाही.

‘आरे, मी काल भिवंडीला होतो! इचारा कोनाला पन!’

त्याला केबिनमधून खाली ओढलं. मग जे झालं ते मी आणि काकी गॅलरीतून बघत होतो. काकींनी कठडा घट्ट धरला होता.

पोलीस बाळारामला घेऊन गेले. थोड्या वेळाने काकी माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि जमिनीवरच बसल्या.

‘ती काच नवी होती गं.’

‘म्हणजे?’

‘इतक्या वर्षांची काच उन्हाने पांढुरकी होते. ही लखलखीत होती. कोणीतरी नुकतीच बसवलेली. हातात घेतली तेव्हाच दिसलं होतं मला.’

‘मग बोलला का नाहीत, काकी?’

‘सगळे माझ्याकडे बघत होते. वर्ष विचारत होते. मी वर्ष सांगितलं.’

आम्ही तशाच पोलीस ठाण्यात गेलो. बाळारामची गाडी आवारात उभी होती. काकींनी साहेबांना तिचा उजवा इंडिकेटर दाखवला. त्याची काच उन्हाने रंग उडून पांढरट पडली होती. फुटलेल्या डाव्यात तर कोळ्याने जाळं विणलं होतं. तोवर भिवंडीहूनही त्याच्या बाजूने फोन आला होता. त्याला सोडलं.

त्यानंतर काकी रोज सकाळी घराबाहेर पडू लागल्या. एकामागून एक गॅरेज पालथी घालत होत्या. शेवटी एका गॅरेजमागे ती गाडी सापडली. पुढून सातची, मागून बाराची. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा बंपर तिला लावलेला. एका बाजूला नवी काच, दुसऱ्या बाजूला नुसतं भोक. पोलीस आले तेव्हा गाडीच्या मालकाने कबूल केलं.

‘काकी, कमाल केलीत!’ सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले.

‘आपण सगळे बाळारामकडे जाऊ या,’ काकी म्हणाल्या.

‘आता कशाला उकरून काढायचं?’

काकींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच रिक्षाने जूचंद्रला गेलो.

बाळारामने खाटेवर जागा करून दिली. त्याच्या बायकोने चहा टाकला. काकी त्याच्या डावीकडे बसल्या आणि खाली बघत, हलक्या आवाजात बोलत राहिल्या. तो शांतपणे चुलीकडे बघत होता. शेवटी त्याची बायको म्हणाली, ‘काकी, त्या कानानं आयकू येत नाय त्यांना. त्या दिसापासनं.’

काकी उठल्या. त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मोठ्याने.

‘बाळाराम, काच नवी आहे हे मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही. ते तुला मारत होते, तेव्हा मी वरून बघत होते. ओरडले असते तर कदाचित थांबले असते. मी ओरडले नाही.’

शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. काकी थांबल्या नाहीत.

बाळारामने बायकोच्या हातातला कप घेऊन काकींपुढे धरला. मग म्हणाला, ‘आयकला, काकी. चा घ्या.’

परत येताना रिक्षात काकी म्हणाल्या, ‘माफ केलं, असं काही म्हणाला नाही.’ आणि जरा वेळाने, ‘बरं केलं.’

पुढे भाजीवाला फोटो घेऊन आला, की त्या मोबाइल हातातही घेत नसत. ‘कागद बघून घे, बाबा,’ एवढंच म्हणत. बाळारामने विटा टाकायचं काम दुसऱ्या कोणाला दिलं. तो उमेळ्यात पुन्हा दिसला नाही. त्याचा विषय निघाला, की सोसायटीत कोणाला तरी नेमकं काहीतरी काम आठवे.

गेल्या वर्षी काकी गेल्या. खाली सगळी सोसायटी जमली होती. तेवढ्यात गेटमधून बाळाराम आत आला, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याला बघून गेटजवळची माणसं बाजूला झाली. त्याने मला विचारलं, ‘काकी कंच्या माळ्यावर?’ मी हाताने दुसरा मजला दाखवला.

जिन्याच्या तोंडाशी सेक्रेटरी उभे होते. बाळाराम जवळून जाताना त्यांनी हात जोडले आणि हळूच काहीतरी म्हटलं. ते त्याच्या डाव्या बाजूला होते. बाळाराम समोर बघत वर चढून गेला.