ड्रॉइंगप्रमाणे केलेली चाकं

लेथखाली लोखंडाची वेटोळी साचतात. रोज संध्याकाळी झाडून काढा, तरी सकाळी एखादं तळपायात घुसतंच. गोष्टींचंही तसंच आहे. एकतीस वर्षं कारखान्यात आणि त्यानंतर जे. पी. नगरात घरामागच्या शेडमध्ये जे साचलं, ते मी कधी झाडून काढलं नाही. मुनियप्पा येतो, चहा होतो, एक गोष्ट निघाली की तिला अडकून दुसरी येते. सगळ्या सांगत नाही. चाकांच्या तेवढ्या सांगतो.

* * *

आधी कारखान्यातली एक. तिच्याशिवाय बाकीच्या कळणार नाहीत.

माझी शाळा निपाणीत, चौथीपर्यंत. पुढे बेंगळुरात सरकारी कारखान्यात टर्नर झालो. एकदा बुशचं ड्रॉइंग आलं. भोकाचा आकडा चुकलेला. शाफ्ट त्यात शिरलाच नसता. मी सुपरवायझरला दाखवलं. डिप्लोमा झालेला, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"शिक्षण किती तुमचं?" त्याने विचारलं.

"चौथी."

"मग वाचत बसू नका. ड्रॉइंगप्रमाणे करा."

केले. तीनशे नग. इन्स्पेक्टरने एकेक नग ड्रॉइंगशी ताडून पाहिला. एकातही खोट नाही. प्रत्येकावर त्याने ओकेचा पंच मारला. मग तीनशेच्या तीनशे भंगारात गेले.

ओके मारलेलं भंगार त्या कारखान्यात फक्त माझ्या हातचं निघालं.

नव्वदनंतर आमचं सेक्शन बंद झालं, आम्हाला मुदतीआधीच घरी पाठवलं. तेव्हा तो पंचसुद्धा भंगारात निघाला. मी मागून घेतला. अजून माझ्या पेटीत आहे.

* * *

माझा मुलगा विजय. इंजिनिअर. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर मशीनची ड्रॉइंग काढतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला.

त्याने एक दिवस सायकल बांधायची काढली. दुकानातली नको, स्वतःची. लांब, बुटकी, आरामखुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. फ्रेम त्याने आणि त्याच्या मित्राने जुन्या नळ्या जोडून केली. चाकं मात्र तारांच्या स्पोकची नको होती. जाड नळ्यांचे सहा आरे, मधे लेथवर काढलेला हब, भोवती लोखंडी रिम. अशी चाकं बाजारात मिळत नाहीत. कंपनीच्या वार्षिक दिवसाला ती सायकल सगळ्यांसमोर चालवायची होती.

तो ड्रॉइंग घेऊन शेडमध्ये आला. बारा वर्षांत पहिल्यांदा. लहानपणी यायचा, मग त्याच्या चपलांना तेल लागायला लागलं.

ड्रॉइंग सुरेख होतं. कोपऱ्यात चौकोन होते. काढणारा, विजय. तपासणारा, प्रशांत, हा त्याचा पुण्याहून आलेला मित्र. मंजूर करणारा, तोही विजयच.

मी विचारलं, "करणाऱ्याचा चौकोन कुठाय?"

"तो नसतो, अप्पा."

कारखान्यातही नसायचा. पण हे घरचं ड्रॉइंग होतं. मनात एवढंच धरलं, की कागदावर नसेना का, चाकं फिरतील त्या दिवशी हा कुणाला तरी सांगेल, ही माझ्या अप्पांनी केली. एकतीस वर्षांत माझ्या एकाही नगावर माझं नाव लागलं नव्हतं.

* * *

मुनियप्पा वेल्डर. मूळचा देवनहळ्ळीचा. कारखान्यात माझ्या शेजारी होता, घरीही माझ्याबरोबरच पाठवला गेला. मी सांगेन ते ऐकतो, पण आपल्या वेगाने.

पहिल्या चाकाला मी घाई केली. मुनियप्पा म्हणाला, "मेस्त्री, स्वल्प थांबा. निवू द्या. लोखंडाला एका बाजूने तापवलं की ते तोंड फिरवतं."

मी म्हणालो, "माझ्याशी नाही फिरवत."

फिरवलं. थंड झाल्यावर चाक अंड्यासारखं झालं होतं. मुनियप्पाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, विडी पेटवली. "सरी," म्हणाला, म्हणजे कानडीत ठीक आहे. "आता कळलं ना, तुमच्यावर कुणाकुणाचा राग आहे ते."

दुसऱ्या वेळी एक टाका वर, एक त्याच्या बरोबर समोर, मधे निवू देत, असे चार दिवस घेतले. वाया गेलेलं चाक आमच्या हिने उचलून मागच्या भिंतीला टांगलं आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला.

"एवढ्या वर्षांत तुमचं एक तरी काम घराच्या उपयोगी पडलं," ही म्हणाली.

* * *

पहिल्या चाकाच्याही आधी आणखी एक झालं होतं. ते सांगायचं राहिलं.

पहिल्या रिमची पट्टी कापायला घेतली, तेव्हा मी चष्मा लावून आकडा पाहिला. टायर जिथे बसतो तिथला व्यास लिहिला होता सहाशे साठ मिलिमीटर. विजयने आणलेले सव्वीस नंबरचे टायर खिळ्याला टांगले होते. मी एक काढून आतून मोजला. पाचशे नव्वद.

सायकलच्या टायरवर लिहिलेला आकडा हा बाहेरचा असतो, फुगलेल्या टायरचा. रिम त्याहून लहान. पंक्चर काढणाऱ्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं.

मी विजयला हाक मारली. "हा आकडा बघ एकदा."

"सव्वीस इंच, अप्पा. गुणिले पंचवीस पूर्णांक चार. सहाशे साठ."

"टायर मोजलास?"

"टायर कशाला मोजायचा? कॉम्प्युटरवर काढलंय. प्रशांतने चेक केलंय."

"पंक्चरवाल्याला विचार."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "अप्पा, तुम्ही फक्त ड्रॉइंगप्रमाणे करा."

आयुष्यात पहिल्यांदा मी ड्रॉइंगप्रमाणे केलं नाही. परका असता तर केलं असतं. त्या कागदावर पेन्सिलने सहाशे साठ खोडून पाचशे नव्वद लिहिलं आणि त्या मापाने रिम केल्या. वाया गेलेली धरून तिन्ही.

टायर चढवायला विजय स्वतः आला. अंगठ्याच्या जोराने टायर टच्चकन बसला. चाक फ्रेममध्ये घातलं. वर हात जाईल एवढी जागा मोकळी राहिली. ती का राहिली, हे त्याने विचारलं नाही.

"क्लिअरन्स मस्त मिळालाय," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बघा. सहाशे साठच बरोबर होतं की नाही?"

मी हात पुसत होतो. पुसत राहिलो.

* * *

चाक सरळ फिरतं की नाही, हे पाहायची माझी एक रीत आहे. चाक फिरवायचं आणि रिमच्या कडेला खडू स्थिर धरायचा. जिथे उंचवटा असेल तिथेच खडू लागतो. तिथे ठोकायचं, पुसायचं, पुन्हा फिरवायचं. खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटली की काम झालं. या दोन चाकांना आठ दिवस लागले.

सातव्या दिवशी प्रशांत पाहायला आला. मुलगा वाईट नाही. पण बोलताना दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द टाकले नाहीत तर त्याला दम लागतो.

"काका, टॉलरन्स किती मेंटेन केलाय?"

मी खडू दाखवला.

"खडू?"

"खडू."

त्याने विजयकडे पाहून ओठ दाबले. दुसऱ्या दिवशी कंपनीतून डायल गेज घेऊन आला. आत घड्याळासारखा काटा असतो, केसाएवढा फरकही दाखवतो. स्टँड लावला, काटा रिमला टेकवला, चाक हळू फिरवलं. एक फेरी झाली. दोन झाल्या. काटा होता तिथेच, जेमतेम थरथरला.

प्रशांतने डायलवर नखाने टकटक केलं. पुन्हा फिरवलं. मग उचलून कानाशी धरला.

"विजय," तो म्हणाला, "डायल खराब दिसतोय रे."

मुनियप्पा बाहेर जाऊन हसून आला.

* * *

वार्षिक दिवसाला घरच्यांना बोलावणं होतं. ही आणि मी बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिने जाताना माझी नखं पाहिली आणि पुन्हा धुवायला पाठवलं. कडेचं काळं जात नाही. एकतीस वर्षांत गेलं नाही.

हिरवळीवर विजयने सायकल चालवली. चाकं फिरत होती आणि फिरताना दिसत नव्हती. चाक तसंच फिरायला हवं. लोक गोळा झाले. त्याचे साहेब पुढे आले, खाली वाकले, एका आऱ्यावरून बोट फिरवलं. मी चार हात लांब उभा होतो. हातात सायकलचा पंप होता, विजयनेच धरायला दिला होता.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं. इंग्रजी मला बोलता येत नाही, समजतं. फॅक्टरीने तेवढं शिकवलं. विचारलं ते असं, की ही चाकं कुणी केली?

विजयने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं हे नक्की. मग साहेबांना म्हणाला, "लोकल व्हेंडर, सर. जे. पी. नगर."

व्हेंडर हा शब्द मला चांगला माहीत आहे. आमच्या खरेदी खात्याबाहेर एक बाकडं होतं. त्यावर नमुने मांडीवर घेऊन बसलेल्या माणसांना व्हेंडर म्हणत. आत बोलावेपर्यंत त्यांना पाणीही कुणी विचारत नसे.

परतीच्या बसमध्ये ही म्हणाली, "साहेब एवढं वाकून वाकून काय विचारत होते?"

"चाकं कुणी केली."

"मग? सांगितलं ना त्याने तुमचं नाव?"

"पत्ता सांगितला," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर पाहत बसली. घर येईपर्यंत आम्ही दोघांनी तिकिटं हातातच धरली होती.

* * *

आता शेवटची.

पंधरा दिवसांनी विजय शेडमध्ये आला. या वेळी चपला बाहेर काढून. मुनियप्पा होता.

"अप्पा, सरांना पण तशीच चाकं हवीत. एक जोडी. सायकल त्यांची ते बांधून घेतायत. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे."

"त्यांना काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याच व्हेंडरकडून करून आणतो." मग घाईने म्हणाला, "म्हणजे, तिथे तसंच म्हणतात, अप्पा. त्यात काही नसतं."

"ड्रॉइंग आण."

आणलंच होतं. कॉम्प्युटरमधून नवं काढलेलं, कोरं करकरीत. कोपऱ्यातले चौकोन भरलेले. काढणारा, विजय. तपासणारा, प्रशांत. मंजूर करणारा या चौकोनात आता साहेबांची निळ्या शाईची सही होती.

मी चष्मा लावला. रिमचा आकडा पाहिला. सहाशे साठ.

माझा पेन्सिलीचा कागद मागच्या खिळ्याला अजून टांगलेला होता. विजयच्या डोक्याच्या बरोबर वर.

"टायर आणलेस?" मी विचारलं.

"टायर सर नंतर घेतील. सव्वीसचेच."

"आकडे सगळे पाहिलेस?"

"अप्पा, प्रशांतने चेक केलंय, सरांनी सही केलीय. तुम्ही फक्त ड्रॉइंगप्रमाणे करा."

"सरी," मी म्हणालो.

बारा दिवस लागले. माझ्या हातून इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही. मुनियप्पाचे टाके तर बोट फिरवून सापडणार नाहीत असे. खडूची रेघ दोन्ही चाकांवर सुरुवात कुठे आणि शेवट कुठे कळू नये अशी उमटली. माप घेतलं. सहाशे साठ. इकडे नाही, तिकडे नाही.

मग पेटी उघडली. कापडात गुंडाळलेला पंच काढला, चाक ऐरणीवर धरलं आणि दोन्ही रिमवर एकेक घाव घातला. ओके.

मुनियप्पा विडी विझवून जवळ आला. त्याने खिळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं.

"मेस्त्री," तो म्हणाला, "याच्यावर टायर कसा चढणार?"

"व्हेंडरने टायर चढवायचा नसतो," मी म्हणालो आणि लेथखालची वेटोळी झाडायला घेतली.