कोमट बॉनेट

दुकानातली माणसं त्याला वॉरंटी म्हणत. मिक्सर, पंखे, इस्त्र्या विकणारं मोठं दुकान होतं, त्याच्या मागच्या बाजूला तक्रारींचं काउंटर, आणि त्या काउंटरमागे तो एकोणीस वर्षं बसला होता. बिघडलेली वस्तू घेऊन येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं. वॉरंटी मान हलवायचा, चार स्क्रू काढायचा आणि आतून पाणी, झुरळ, नाहीतर सरळ एखादा चमचा बाहेर काढून काउंटरवर ठेवायचा. तोंडातून अवाक्षर नाही. समोरच्याचा चेहरा असा पडायचा की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. माणूस वाईट नव्हता, बरं का. पण रोज आठ तास खोटं ऐकून त्याचे कान किटले होते, आणि कुणी वस्तूबद्दल बोलायला लागलं की तो खोटंच बोलणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बायको पडदे शिवायची. नुसती शिवत नव्हती, घरोघरी जाऊन बसवूनही द्यायची. स्कूटरवर पायाशी कापडाचे गठ्ठे, मागे आडवे बांधलेले रॉड, अशी तिची स्वारी निघाली की रस्त्यावरची माणसं आपणहून बाजूला व्हायची. एकदा वळणावर रॉडच्या टोकाने एका गृहस्थाची टोपी उडवली होती. त्या दिवशी तिने ठरवलं, गाडी घ्यायची. सहा वर्षं पैसे साठवले, तेही स्वतःचे. नवी गाडी झेपणारी नव्हती, आणि रोजचं फिरणं इतकं की डिझेलच परवडेल, म्हणून जुनी डिझेल गाडी बघायचं ठरलं. बघायचं काम अर्थातच नवऱ्याकडे आलं. वस्तू पारखणारा घरातच असताना बाहेर कशाला जायचं?

पण या पारख्याची झोपच उडाली होती. मिक्सर फसवा निघाला तर किती नुकसान होणार? इथे बायकोची सहा वर्षं होती. त्याने जुन्या डिझेल गाड्यांबद्दल मिळेल ते वाचलं आणि जितकं वाचलं तितका घाबरला. नोझल गेले की खर्च, पंप गेला की त्याहून मोठा खर्च, टर्बो गेला तर गाडी विकून टर्बो घ्यावा असा खर्च. शेवटी तो गॅरेज चालवणाऱ्या मावसभावाकडे गेला. मावसभावाने हात पुसत पुसत एकच नियम सांगितला. डिझेल गाडी थंड असताना बघायची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या फटक्यात चालू झाली, काळा-पांढरा धूर ओकला नाही, तर निम्मी काळजी मिटली. आणि बॉनेटवर आधी हात ठेवायचा. कोमट लागलं तर समज, मालकाने गाडी आधीच तापवून ठेवली आहे, खोड लपवायला. तिथूनच मागे फिर.

वॉरंटीला हा नियम फारच आवडला. त्याच्या काउंटरवर शोभेल असा होता.

एका निवृत्त कंपाउंडरची गाडी ठरली. म्हातारा सरळ होता, गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही म्हणून विकतोय म्हणाला. वॉरंटीने फोनवर त्याच्याकडून शब्द घेतला, की रविवारी सकाळी आठला आम्ही येणार, तोवर गाडीला हात लावायचा नाही. कंपाउंडर म्हणाला, नाही लावणार.

रविवारी वॉरंटी पाचलाच उठून बसला. चहाचा कप आणि कागदावर लिहिलेले प्रश्न समोर घेऊन स्वयंपाकघरात वाचत होता, तेवढ्यात सहाच्या सुमारास फोन वाजला. कंपाउंडरचा नंबर. वॉरंटी मनात म्हणाला, आलं का! आता सांगणार, दुसरं गिऱ्हाईक आलंय, किंमत वाढवा. फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. याने उचलला नाही, नुसता बघत बसला, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी मजाही वाटत होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने कट केला. बायको आत गाढ झोपली होती.

आठला दोघं पोचली. तीन मजली इमारत, खाली गाडी पुसून उभी. कंपाउंडर जिन्याच्या पायरीवर बसला होता, डोळे तांबारलेले. वॉरंटीने नमस्कारसुद्धा नीट केला नाही. सरळ गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

कोमट होतं.

त्याक्षणी त्याच्या छातीत जे काही उसळलं तो राग होता असं त्याला तेव्हा वाटलं. नंतर विचार केल्यावर लक्षात आलं की तो आनंद होता. आपण बरोबर होतो, याचा.

"शब्द दिला होता तुम्ही," तो म्हणाला.

कंपाउंडर गुडघ्यावर हात टेकून उठला. "दिला होता. पण सकाळी जरा..."

वॉरंटीने हात वर केला. काउंटरवर करायचा तसाच. "काय, आपोआप तापली का?"

आवाज मोठाच होता. पहिल्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली, समोरच्या दारातली बाई झाडू हातात धरून उभी राहिली. त्या सगळ्यांसमोर वॉरंटीने त्या म्हाताऱ्याचा असा पाणउतारा केला की बायकोने दोनदा त्याची बाही ओढली. अशी गाडी तापवून ठेवणाऱ्यांना मी रोज बघतो म्हणाला. वयाची तरी लाज बाळगा म्हणाला. पांढरे केस झालेल्या, जन्मभर लोकांना औषधं बांधून दिलेल्या माणसाला! कंपाउंडर ऐकत राहिला. मग एवढंच बोलला की चूक माझी आहे, तुम्हाला शंका आली तर किंमत तुम्ही सांगा. वॉरंटीने सांगितली. चांगली घसघशीत कमी सांगितली, पुढेमागे नोझल निघाले तर, पंप निघाला तर, असं म्हणत. म्हाताऱ्याने एकदा वर खिडकीकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

कागदांवर सह्या व्हायला तासभर लागला. तेवढ्यात बायको वर त्यांच्या घरी जाऊन पाणी पिऊन आली. निघाल्यावर वॉरंटी गाडी चालवत होता, छाती फुगलेली. दुसऱ्या सिग्नलला बायको बोलली.

वरच्या मजल्यावर एक एकटी बाई राहते. पहाटे तिला दम लागला, ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेला तासभर लागेल म्हणाले. तेव्हा कंपाउंडरने तिला या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्या गुडघ्याने क्लच दाबत. बाई वाचली. परत येऊन त्यांनी गाडी पुसली आणि पायरीवर वाट बघत बसले. हे सगळं त्यांच्या बायकोने सांगितलं होतं.

"आणि निघायच्या आधी म्हणे तुम्हाला तीनदा फोन केला," ती म्हणाली. "शब्द दिलाय, विचारल्याशिवाय कशी काढू म्हणून. तुमचा फोन सायलेंटवर होता का?"

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते.

"हो," वॉरंटी म्हणाला. "सायलेंटवर होता."

गाडी अप्रतिम निघाली, हेच तर दुखणं. दर सकाळी पहिल्या फटक्यात चालू व्हायची. ना धूर, ना खडखड. मावसभावाने बघितली आणि म्हणाला, नशीब काढलंस, इतकी नीट ठेवलेली गाडी या भावात मिळत नाही. बायकोचे गठ्ठे आत, रॉड आत, ती खूश. वॉरंटी मात्र तिच्या शेजारी बसला की अंग चोरून बसायचा. एखादा खर्च निघाला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटायला लागलं होतं. नोझल जाऊ दे, पंप जाऊ दे, काहीतरी जाऊ दे, म्हणजे त्या दिवशी बोललो त्यातलं थोडं तरी खरं ठरेल. काय ही वेळ! ज्या खर्चाच्या भीतीने झोप उडाली होती, तोच खर्च आता हा मागत होता. झोपेत त्याला तो कंपाउंडर दिसायचा नाही, स्वतःचा वर केलेला हात दिसायचा.

तीन आठवडे त्याने काढले. मग कमी केलेली सगळी रक्कम पाकिटात घातली. बायकोला सांगितलं की आपण जास्तच पाडून घेतली, परत देऊन येतो. ती म्हणाली, मीच म्हणणार होते. पण तो पैसे द्यायला चालला नव्हता. फोन हातात असून उचलला नाही, हे त्या माणसाला तोंडाने सांगायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. वाटेत वाक्यही पाठ केलं. काका, मी जागा होतो.

दार कंपाउंडरनेच उघडलं आणि अगदी घरच्यासारखं आत घेतलं. खोलीत खिडकीपाशी एक हडकुळी बाई बसली होती, वरच्या मजल्यावरची ती हीच असावी. कंपाउंडर तिला म्हणाला, हे ते, गाडीवाले. ती बाई खुर्चीचे हात धरून उठायला लागली. नको नको म्हटलं तरी उठली. म्हणाली, गाडी तुमची ठरलेली होती, हात लावायचा नाही असं ठरलं होतं, तरी तुम्ही मनाचा मोठेपणा दाखवलात, एका शब्दाने बोलला नाहीत असं हे सांगत होते. तुमच्यामुळे मी आज बसले आहे.

वॉरंटीने कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर पाण्याचा तांब्या शोधत होता.

भुई दुभंगली तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याने पाकीट पुढे केलं. हे जास्त कमी केले होते, तुमचे आहेत, एवढं कसंबसं म्हणाला. कंपाउंडरने आढेवेढे न घेता घेतलं, उघडून बघितलं नाही. मग वॉरंटीने श्वास घेतला.

"काका, त्या दिवशी सकाळी तुमचा फोन..."

"अहो, रविवार होता," कंपाउंडर चटकन म्हणाला. "झोपला असाल."

ती बाई कौतुकाने बघत होती. पाठ केलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं, चार शब्दांचं.

"हो," वॉरंटी म्हणाला. "झोप लागली होती."

"तेच म्हणालो मी यांना," कंपाउंडर म्हणाला आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

पाणी पिऊन, दोघांनाही नमस्कार करून तो निघाला. एक मजला उतरला आणि मधल्या वळणावर त्याचे पाय थांबले. झोपलेला माणूस फोन कट करत नाही. कट झालेला फोन पलीकडच्याला कळतो. कंपाउंडरला त्या दिवसापासून माहीत होतं. तो सगळ्यांसमोर निमूट ऐकत राहिला तेव्हा माहीत होतं, आणि आत्ता, त्या बाईसमोर, त्याने वाक्य तोडून हातात झोप आणून दिली तेव्हाही माहीत होतं. आणि आपण ती घेतली.

तो दोन पायऱ्या परत वर चढला. वरून त्या बाईचा आवाज येत होता, असा माणूस हल्ली बघायला मिळत नाही म्हणत होती. कंपाउंडरने पेले गोळा केल्याचा आवाज आला.

वॉरंटी कठडा धरून, आवाज होऊ नये अशा बेताने खाली उतरला.